खेळता खेळता आलेली चक्कर

मैदानावर धावता धावता मुलगा कोसळतो, दोन मिनिटांत उठून बसतो, आणि आपण म्हणतो, ‘उपाशी असेल, ऊन लागले असेल.’ लिंबू-सरबत पाजले की विषय संपतो. पुष्कळदा कारण तेवढेच असते. पण नेहमीच नसते, आणि याचे एक उदाहरण अमेरिकेत घडलेले आहे.

लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाच्या आवारात गर्स्टन पॅव्हेलियन नावाचे बंदिस्त क्रीडागृह आहे. सुमारे चार हजार प्रेक्षक बसतील एवढे. बास्केटबॉल, व्हॉलीबॉलचे सामने तेथे होतात. १९८४ च्या ऑलिंपिकमधील वजन उचलण्याच्या स्पर्धाही याच छताखाली झाल्या. हँक गॅदर्स हा तेथला लाडका बास्केटबॉलपटू. उंची सहा फूट सात इंच, अंगाने पहिलवान. १९८८-८९ च्या हंगामात अमेरिकेतील अव्वल विद्यापीठ संघांमध्ये सर्वाधिक सरासरी गुण त्याचेच होते. अशा गड्याला काय होणार, असेच कोणालाही वाटेल.

९ डिसेंबर १९८९ रोजी याच क्रीडागृहात सामना चालू असताना तो कोसळला. व्यायामाच्या वेळी त्याच्या हृदयाचे ठोके बिघडून अतिजलद होतात, असे तपासणीत आढळले. प्रोप्रानोलोल हे औषध सुरू झाले. हे औषध ठोक्यांना आवर घालते. त्यामुळे धावणाऱ्याला सुस्त वाटू शकते. गॅदर्सची तीच तक्रार होती. औषधाची मात्रा कमी करण्यात आली आणि तो पुन्हा खेळू लागला. ४ मार्च १९९० रोजी, त्याच क्रीडागृहात, हवेतल्या हवेत झेललेला चेंडू त्याने बास्केटमध्ये घातला, काही पावले मागे आला आणि पडला. त्याच दिवशी त्याचे निधन झाले. वय अवघे २३. शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूचा आजार आढळला. २०२० साली क्रीडागृहाबाहेर त्याचा पुतळा उभारण्यात आला.

हृदयस्नायूच्या अशा आजारांपैकी एकात स्नायू जाड होतो. साधारण पाचशे माणसांत एकाला तो असतो. पुष्कळांना आयुष्यभर त्रास होत नाही, काहींना मात्र ऐन श्रमाच्या वेळी ठोके बिघडून धोका होतो. आजार बहुधा आनुवंशिक असतो. म्हणून घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे.

प्रार्थनेला बराच वेळ उभे राहून घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आडवे होताच बरे वाटते. ही चक्कर बहुधा साधी. धावण्याच्या भरात, काहीही पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपणे ही गोष्ट वेगळी. पोलीस भरतीसाठी पहाटे १,६०० मीटरचा सराव करणाऱ्या मुलांना असे झाले, तर दुसऱ्या दिवशी मैदानावर न जाता आधी दवाखाना गाठावा. इसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, यांवरून बऱ्याच गोष्टी कळतात. अहवाल हाती येऊन डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत सराव बंद.

आणखी एक. याच गटातील मेटोप्रोलोल, अटेनोलोल ही औषधे आपल्याकडे अनेक रक्तदाबाचे रुग्ण घेतात. गळल्यासारखे वाटते म्हणून ती परस्पर बंद करू नयेत. एकदम थांबवल्यास हृदयाला अपाय होऊ शकतो. तक्रार डॉक्टरांपुढे मांडावी.

समोर कोणी पडलाच, तर कांदा हुंगवू नका, तोंडात पाणी ओतू नका. हाक मारून पाहा, छाती हलते का ते पाहा. अधूनमधून आचके देणे म्हणजे श्वास नव्हे. प्रतिसाद नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोराने दाबत राहावे. मोठ्या माणसाची छाती प्रत्येक वेळी सुमारे दोन इंच खाली गेली पाहिजे. मिनिटाला १०० ते १२० वेळा. दाबणारा दोन मिनिटांत दमतो, तेव्हा जागा घ्यायला शेजारी दुसरा माणूस तयार ठेवावा.