पाणी कोणाचे, रान कोणाचे?

इंदूरला भाची शिकते. तिच्याकडे गेले की मुक्काम भंवरकुआं चौकाजवळ. विद्यापीठ शेजारीच, त्यामुळे जिकडेतिकडे क्लासच्या पाट्या आणि पाठीवर सॅक लावलेली मुले. कुआं म्हणजे आपली विहीर, कन्नडातली बावी. ते नाव वाचले की मला प्रेमचंदांची ‘ठाकूर का कुआँ’ (१९३२) ही कथा आठवते. आजारी नवऱ्यासाठी घागरभर चांगले पाणी आणायला गेलेली गंगी रिकाम्या हाताने परतते, कारण विहीर ठाकुराची!

शाळेत आपण निसर्गवर्णन गुणांसाठी पाठ केले. पण नदी, रान, शेत यांना हात लावायची मुभा कोणाला, हे कोणी विचारले नाही. आपल्या दोन्ही भाषांतल्या लेखकांनी मात्र विचारले. शिवराम कारंतांची ‘चोमन दुडी’ (१९३३) घ्या. चोमाकडे बैल आहेत, पण अस्पृश्याला कसायला जमीन कोण देणार? पुढे त्याचा धाकटा मुलगा नदीत बुडतो. विटाळाच्या भीतीने त्याला वाचवायला कोणी पुढे होत नाही. पोर नदीने नेले, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ही झाली पारतंत्र्यातली गोष्ट. पुढे राज्यघटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, तरी कादंबरीतला हा प्रश्न मिटला नाही. अनंतमूर्तींच्या ‘संस्कार’मध्ये (१९६५) अग्रहारात नारणप्पाचे प्रेत पडून आहे. अग्नी कोणी द्यायचा, यावर शास्त्रार्थ चालतो. प्राणेशाचार्य आणि चंद्री यांच्यातली जातीची भिंत पडते ती रानातल्या अंधारात. अग्रहारात ते घडलेच नसते! आणि त्या प्रेताला शेवटी चंद्रीच एका मुसलमान माणसाच्या मदतीने रात्री गुपचूप अग्नी देते.

अण्णाभाऊ साठे तर आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, वाटेगावचे. त्यांच्या ‘फकिरा’त (१९५९) इंग्रज सरकार मांगांना गुन्हेगार ठरवून हजेरी लावते, आणि वारणेचे खोरे त्यांच्यातल्या बंडखोराला पोटाशी धरते. मला वारणा कळली ती या पुस्तकातून, भूगोलातून नव्हे.

भंवरकुआंवरून जाणारा आग्रा-मुंबई रस्ता पुढे महूच्या दिशेने जातो. तिथे १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. ‘फकिरा’ अण्णाभाऊंनी अर्पण केली आहे ती त्यांच्याच लेखणीला. भाचीने अजून वाचलेली नाही; पुढच्या खेपेला घेऊन जाणार आहे.