बाळू पालवणकर : मैदानावरील समतेचा लढा

भारतीय क्रिकेटच्या आरंभकाळातील श्रेष्ठ गोलंदाज बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात ते खेळपट्टीची निगा राखण्याचे काम करीत. तेथेच सरावासाठी चेंडू टाकण्याची संधी त्यांना मिळाली. ग्रेग या नामांकित इंग्रज फलंदाजाला नियमितपणे गोलंदाजी करता करता त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळावयास घेतले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चालत असे. चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून दिला जाई.

या वागणुकीला त्यांनी खेळानेच उत्तर दिले. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघावर १०९ धावांनी विजय मिळविला. त्यात बाळू व त्यांचे बंधू शिवराम यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघाला बहुतेक सामने गमवावे लागले. तरीही बाळूंनी ११४ बळी मिळविले.

हिंदू संघाच्या कर्णधारपदी मात्र त्यांची निवड कधीच झाली नाही. तो मान १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना लाभला. १९५५ साली मुंबईत बाळूंचे निधन झाले.

गुणांचा उपयोग करून घेणे निराळे आणि गुणवंताला पंक्तीत बरोबरीचे स्थान देणे निराळे. हा भेद मिटविण्याचा पहिला धडा शाळेच्या क्रीडांगणावरच देता येईल.