स्टेशनाशेजारी घर, पण परवानगी कोणाची?

ओकलंड : अमेरिकेत सगळं मोटारीवर चालतं, असं धरून आलेला पुणेकर फ्रूटवेल स्थानकावर उतरला की गोंधळतो. समोर वाचनालय, दवाखाना, दुकानं आणि वर बिऱ्हाडं. १९९१मध्ये ‘बार्ट’ रेल्वेला इथे पार्किंगची बहुमजली इमारत हवी होती. बहुतांशी लॅटिनो वस्तीने ‘युनिटी कौन्सिल’ या स्थानिक संस्थेच्या पुढाकाराने ती अडवली आणि स्वतःचा आराखडा मांडला. वॉशिंग्टनकडूनही निधी आला, २००४मध्ये ‘फ्रूटवेल व्हिलेज’ उभं राहिलं. घरं जेमतेम ४७! मोटारींसाठी मात्र वेगळी इमारत बांधावीच लागली.

पैसा वॉशिंग्टनचा म्हणजे हुकूमही वॉशिंग्टनचा, असा आपला हिशेब. तो इथे लागू पडत नाही.

कुठे किती मजले चढवायचे, हे नगरपालिका ठरवते. संघसरकार फक्त गुण देतं. नव्या मार्गासाठी अनुदान मागणाऱ्या शहराला, २०१३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, स्थानकापासून अर्ध्या मैलात परवडणारी ठेवणं कायद्याने बंधनकारक असलेली घरं किती, हेही दाखवावं लागू लागलं. २०१५च्या कायद्याने रेल्वेसाठीची सरकारी कर्जं स्थानकालगतच्या इमारतींनाही खुली केली. पण भोवती फक्त बंगल्यांनाच परवानगी असेल, तर कर्ज घेऊन बांधायचं काय?

इथल्या एका नगररचना कार्यालयातला मूळचा सांगलीकर बांधकाम परवानगीच्या सुनावण्यांना विटला आहे. एका चारमजली इमारतीची सावली कोणाच्या परसात पडेल, यावर रात्री दहापर्यंत खल! पुण्यात मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरांत चारपर्यंत एफएसआय मिळू शकतो, तोही मंत्रालयाच्या एका अधिसूचनेने, हे तो सहकाऱ्यांना अभिमानाने सांगतो. ‘आणि फुटपाथ?’ असं कोणी विचारलं, की लगेच वाशीकडे वळतो. नवी मुंबईच्या रेल्वेमार्गाचा ६७ टक्के खर्च सिडकोने उचलला, स्थानकाच्या डोक्यावर कार्यालयं बांधली, तेव्हा फ्रूटवेलचा आराखडा कागदावरच होता! फुटपाथचं उत्तर राहून जातं.

आता कॅलिफोर्नियालाही मंत्रालयाची वाट पटलेली दिसते. ऑक्टोबर २०२५मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ‘एसबी ७९’वर सही केली, मोठ्या स्थानकांभोवती उंच इमारतींना राज्यानेच मुभा दिली. सांगलीकर खूश आहे. लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेने मात्र ऑगस्टमध्येच विरोधाचा ठराव केला होता.