हवा घेणारा मासा आणि त्याचं पाणी

फायटर मासा घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : 'याला पंप लागत नाही, हा वरून हवा घेतो.' वाक्य खरं आहे. त्यातून काढला जाणारा अर्थ मात्र चुकीचा आहे. पंप लागत नाही म्हणजे जागाही लागत नाही, गाळणी लागत नाही, टेबलावरच्या लिटरभराच्या बरणीत तो मजेत राहील, असं गृहीत धरलं जातं. मग महिन्या-दोन महिन्यांत मासा तळाशी पडून राहतो, रंग उतरतो, शेपटीच्या कडा झिजतात आणि घरातली मुलं विचारतात की याला झालं तरी काय. हा मासा हवा घेतो, म्हणूनच त्याचा त्रास उशिरा दिसतो. दुसरा मासा ज्या पाण्यात दिवसभरात धापा टाकू लागेल, त्या पाण्यात फायटर कित्येक आठवडे काढतो, आणि तो तग धरून आहे याचाच अर्थ आपण 'ठीक आहे' असा लावतो. त्याचं वागणं समजून घ्यायचं तर आधी हा गैरसमज सोडायला हवा.

शास्त्रीय भाषेत हा 'बेटा स्प्लेंडेन्स'. 1910 साली चार्ल्स टेट रेगन यांनी त्याला हे नाव दिलं. त्याचं मूळ घर थायलंड आणि आसपासचा प्रदेश : भातखाचरं, दलदली, संथ वाहणारे पाट. थाई भाषेत त्याला 'प्ला कात' म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. 2019 साली थायलंड सरकारने त्याला राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार माणसाने हा मासा पाळायला सुरुवात केली त्याला किमान हजार वर्षं झाली आहेत. त्याच्या कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत वळणावळणांची एक रचना असते, तिला लॅबिरिंथ म्हणजे भूलभुलैया म्हणतात. तिच्यावरच्या पातळ त्वचेत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. मासा पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि त्यातला ऑक्सिजन इथे रक्तात मिसळतो. आपल्याकडचा मरळ याच मोठ्या कुळातला. बाजारात टोपलीत ठेवलेला मरळ बाकीचे मासे गेल्यावरही बराच वेळ जिवंत का राहतो, याचं उत्तरही अशाच अवयवात आहे. उन्हाने तापलेल्या, कुजणाऱ्या पानांनी भरलेल्या उथळ पाण्यात ऑक्सिजन कमी पडतो. तिथे निभाव लागावा म्हणून ही सोय झाली.

पण ही सोय ऑक्सिजनपुरतीच आहे. हवा घेणाऱ्या माशालाही कल्ले असतात आणि त्यांची कामं चालूच राहतात. रक्तातला बराचसा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं, क्षारांचा तोल राखणं आणि अमोनिया सोडणं, हे सगळं कल्ल्यांवरच आहे. अन्नातलं प्रथिन पचलं की अमोनिया तयार होतो आणि मासा तो थेट पाण्यात सोडतो. एक साधा हिशेब करून पाहू. समजा माशाला रोज 30 मिलिग्रॅम खाद्य मिळतं आणि त्यात 40 टक्के प्रथिनं आहेत. म्हणजे 12 मिलिग्रॅम प्रथिन, आणि त्यात साधारण 1.9 मिलिग्रॅम नायट्रोजन. त्यातला निम्मा जरी अमोनिया होऊन बाहेर पडला, तरी एक लिटरच्या बरणीत रोज लिटरमागे जवळजवळ 1 मिलिग्रॅम नायट्रोजन साठत जातो. वीस लिटरच्या टाकीत तेवढ्याच खाण्यातून 0.05. मासा तोच, खाणं तेच, विष मात्र वीस पट. त्यात पाण्याच्या सामूची (pH) भर पडते. 25 अंश तापमानाला सामू 7 असेल तर एकूण अमोनियातला शेकडा अर्धा-पाऊण भागच खऱ्या विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की तो भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे अमोनियाचा आकडा न बदलताही पाणी नऊ-दहा पट विषारी होऊ शकतं.

अमोनियाचा पुढचा टप्पा नायट्राइट. ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनचं रूप बदलून त्याची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद काढून घेतं. 'हा वरून हवा घेतो' हा युक्तिवाद इथे पुरता कोसळतो. हवा कितीही घेतली तरी ती शरीरभर पोचवणारं रक्तच निकामी होत असेल, तर त्या घोटाचा उपयोग काय? यावर टिकाऊ उपाय एकच : टाकीतल्या गाळणीच्या स्पंजवर, वाळूवर, दगडांवर वाढणारे जीवाणू. ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. त्यांची वस्ती पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दर रविवारी बरणी घासूनपुसून लख्ख करणाऱ्या घरात ही वस्ती कधी वसतच नाही. स्वच्छतेच्या कळकळीपोटी आपण माशाचा सगळ्यात मोठा आधार नळाखाली धुऊन टाकत असतो.

आता वागण्याकडे पाहू. कल्ल्यांची झाकणं फुलवून, त्यांखालचा गडद पडदा गळ्याभोवती झालरीसारखा उघडून, सगळे पर ताणून समोर येणारा नर पाहिला की 'काय जोमात आहे!' असं वाटतं. पण झाकणं फुलवलेली असताना कल्ल्यांवरून पाणी नीट वाहत नाही. हे प्रदर्शन श्वासाच्या मोबदल्यात केलेलं असतं. पाण्यातला ऑक्सिजन कमी केला तर फायटर झाकणं कमी फुलवतात, हे प्रयोगात दिसलं आहे. दोन नर झुंजताना अधूनमधून थांबून वर हवा घ्यायला जातात. म्हणजे फुलवण्याची ऐपत हे तब्येतीचं लक्षण आहे खरं, पण सतत फुलवत ठेवणं ही तब्येतीवरची उधळपट्टी. बरणीला आरसा लावून ठेवणाऱ्यांच्या बाजूने एक जुना प्रयोग सांगितला जातो. 1963 साली ट्रॅव्हिस थॉम्पसन यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं, की आरशातलं प्रतिबिंब दिसावं म्हणून फायटर कड्यातून पोहत जायला शिकतात. यावरून त्यांना आरसा आवडतो असं म्हणणं मात्र घाईचं आहे. सीमेवर शत्रू दिसला की तिकडे धाव घेणं आणि त्या भेटीत सुख वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रतिबिंब हरत नाही, पळूनही जात नाही. ज्या भांडणाला शेवट नाही त्यात माशाला दिवसभर गुंतवणं मला तरी योग्य वाटत नाही. दोन-चार मिनिटं आरसा दाखवून काढून घेतला तर हरकत नाही.

हा मासा मंद बुद्धीचा असतो हा समजही टिकत नाही. 1998 साली रुई ऑलिव्हेरा आणि सहकाऱ्यांनी नरांना शेजाऱ्यांची झुंज काचेआडून पाहू दिली. नंतर त्या दोघांसमोर आल्यावर, जिंकताना पाहिलेल्याच्या जवळ जायला ते जास्त वेळ घेत होते. न पाहिलेल्या जोड्यांच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. पाहून शिकणाऱ्या या जिवाला रिकाम्या, चहूबाजूंनी उघड्या बरणीत ठेवणं म्हणजे लपायला आडोसा नाही आणि पाहायलाही काही नाही, अशा जागी डांबणं.

बुडबुड्यांच्या घरट्याबद्दलही असंच सांगावं लागेल. नर तोंडातल्या चिकट स्रावात हवेचे बुडबुडे गुंडाळून पृष्ठभागावर तरंगता फेसाळ तुकडा तयार करतो. मादीने टाकलेली अंडी तो त्यात ठेवतो आणि राखतो. मादी नसतानाही तो घरटं बांधतो. 'घरटं बांधलं म्हणजे मासा खूश' हे घरोघरी ऐकू येतं. घरट्यावरून एवढंच कळतं की नर वयात आला आहे आणि अगदी खंगलेला नाही. पाणी चांगलं असल्याचा दाखला म्हणून ते चालणार नाही, आणि घरटं न बांधणारा नर आजारीच असतो असंही नाही. निपचित पडून राहण्याचे अर्थ तर आणखी वेगवेगळे. रात्री रुंद पानावर आडवा टेकलेला फायटर झोपलेला असतो. नवीन घरी आलेला मासा दोन-तीन दिवस कोपरा धरून बसतो, खाणंही टाळतो. प्रवासाचा तो ताण असतो. मात्र पुणे-नाशिककडच्या डिसेंबरमध्ये तो दिवसाढवळ्या तळाला बसला, तर आधी थर्मामीटर पाहावा. माशाचं रक्त पाण्याइतकंच गार किंवा गरम. 24 ते 28 अंश हा त्याला मानवणारा पट्टा. पाणी 20 च्या खाली उतरलं की पचन मंदावतं, हालचाल थांबते, रोगप्रतिकारशक्ती ढिली पडते. लिटरभर पाणी रात्रीतून गार होतं, वीस लिटर सावकाश होतं. इथेही जागेचाच प्रश्न येतो.

आजाराची खूण ओळखायची तर नजर जवळ न्यावी लागते. शेपटीचा पर दगडाला अडकून फाटला असेल तर चीर सरळ आणि स्वच्छ दिसते, दोन्ही कडा मूळ रंगाच्या असतात आणि काही दिवसांत तिथे काचेसारखा पारदर्शक नवा पडदा येऊ लागतो. पर कुजत असेल तर कडा काळपट किंवा लालसर होते, दातेरी दिसते आणि रोज थोडी थोडी मागे सरकते. अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो एका परजीवीचा प्रादुर्भाव. अंधारात टॉर्च तिरका धरल्यावर सोनेरी भुकटी चमकली तर परजीवी वेगळा. पोट फुगून खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले तर आतले अवयव निकामी होत आले आहेत, आणि तिथून मासा क्वचितच परततो. यातला परांचा कुजवा बहुधा खराब पाण्यातच मूळ धरतो. म्हणून औषधाची बाटली उघडण्याआधी पाण्याची तपासणी करावी, आणि क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने चौथा-तिसरा हिस्सा पाणी बदलावं. अंदाजाने ओतलेली प्रतिजैविकं स्पंजवरच्या उपयोगी जीवाणूंनाही मारतात आणि मूळ दुखणं आणखी चिघळतं.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे : हा मासा मुळात डबक्यातला, मग बरणी का नको? भातखाचरातलं पाणी काही सेंटिमीटरच खोल असतं हे खरं. पण ते खाचरभर पसरलेलं असतं. त्यात भाताची मुळं आणि पाणवनस्पती अमोनिया शोषतात, चिखलात जीवाणू असतात, पाऊस पाणी बदलतो, आणि हरलेल्या नराला पळायला वाट असते. उथळ आणि थोडं या एकाच गोष्टी नव्हेत. दुसरा आक्षेप थाई पैदासकारांचा. ते हजारो नर बाटल्यांत वाढवतात, ते कसे जगतात? ते लोक पाणी वारंवार बदलतात, तिथली हवा बारमाही उबदार असते, आणि त्यांच्यासाठी बाटली ही विक्रीपर्यंतची सोय असते, आयुष्यभराचं घर नव्हे. त्या पाण्यात ते जंगली बदामाचं वाळलेलं पान टाकतात. आपल्या रस्त्याकडेला, कोकणातल्या अंगणात पानगळीत ज्याचा सडा पडतो तेच हे झाड. त्या पानातली टॅनिन पाणी किंचित आम्ल आणि चहाच्या रंगाचं करतात. त्याने मदत होते, अमोनिया मात्र जात नाही. तिसरा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो : 'आमचा तर बरणीत वर्षभर जगला.' नीट ठेवलेला फायटर साधारण तीन वर्षं, कधी त्याहून जास्त जगतो, आणि दुकानात येतो तेव्हा काही महिन्यांचा असतो. वर्षभरात गेलेला मासा म्हातारपणाने गेलेला नसतो.

खर्चाचा मुद्दा राहतो. पंधरा-वीस लिटरची साधी टाकी, छोट्या पंपाच्या हवेवर चालणारा स्पंज फिल्टर (हा पंप माशाच्या श्वासासाठी नव्हे, गाळणीसाठी), एक थर्मामीटर, अमोनिया-नायट्राइट मोजणारे थेंब आणि गार प्रदेशात छोटा हीटर, एवढ्यात भागतं. हा खर्च माशाच्या किमतीच्या कितीतरी पट आहे हे मान्यच. पण मासा स्वस्त मिळाला म्हणून त्याच्या गरजा स्वस्त होत नाहीत. नळाच्या पाण्यात पिण्यासाठी आवश्यक म्हणून क्लोरीन ठेवलेलं असतं, ते कल्ल्यांना जाळतं. ते पाणी दिवसभर उघडं ठेवावं किंवा क्लोरीन मारणारे थेंब वापरावेत. बोअरचं पाणी जड असलं तरी फायटर त्याला सरावतो. सामू सतत वरखाली करण्यापेक्षा एकसारखा ठेवणं जास्त मोलाचं.

फायटर आणायचं घरात ठरलं असेल, तर आधी टाकी आणा. पाणी भरा, स्पंज चालू करा, चिमूटभर खाद्य टाकत राहा आणि महिनाभर थांबा. खाद्य पडत असूनही थेंबांच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येऊ लागले, की मग दुकानात जा.