ब्रेकचे पेडल स्पंजासारखे दबते? पंप मारून गाडी चालवू नका!

– ऊस विकास अधिकारी



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडव्याविषयी बोलतो. या खेपेस विषय जरा निराळा आहे. पूर्वी बैलगाडीने होणारी शेतीची किरकोळ वाहतूक आता पिकअप गाड्यांवर आली आहे. बेणे आणणे, खताची पोती नेणे, आंतरपिकाची भाजी बाजारात पोचवणे, सगळे त्याच गाडीवर. यातील बऱ्याच गाड्या जुन्या घेतलेल्या आणि ओझे मात्र भरपूर.

गटसभेत एक वाक्य हमखास ऐकू येते. “साहेब, पहिल्यांदा पाय दिला की पेडल मऊ लागतंय, पण दोन-तीन पंप मारले की मस्त धरतोय ब्रेक.” मंडळी हे समाधानाने सांगतात. वास्तविक पंप मारल्यावर ब्रेक लागणे ही ब्रेक बिघडल्याची खूण आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. एखादे पोर रस्त्यात आडवे आले, तर दुसरा पंप मारायला सवड कुठली? मालवाहू गाडीत माणसे बसवायला कायद्याने मनाई आहे, तरी भांगलणीच्या बायका मागे बसवून नेल्या जातातच. त्यांचा जीव त्या एका पेडलावर असतो.

असे का होते?

सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने दाबून दांडा खाली ढकला. आतली हवा दबते आणि दांडा परत वर उसळतो. त्याच पंपात पाणी भरले तर दांडा तसूभर हलत नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. ब्रेकचे काम याच तत्त्वावर चालते. आपण पेडल दाबतो, मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब येतो आणि तोच दाब नळीतून चारही चाकांपर्यंत पोचतो. नळीत हवा शिरली की पायाचा जोर ती हवा दाबण्यातच खर्च होतो. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की मोटर फिरते पण पाणी येत नाही, हा अनुभव आपणा सर्वांना आहे. येथेही दुखणे तेच.

मात्र प्रत्येक मऊ पेडलाचे कारण हवाच असते असे नाही. म्हणून आधी निदान, मग खर्च.

निदान कसे करावे?

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. प्रथम टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी पाहून खूण करावी. मग पेडल दाबून पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) पंप मारल्यावर पेडल वर येते, पण पायाखाली रबरासारखे उसळते : नळीत हवा आहे.

२) पंप मारल्यावर पेडल वर येते आणि दगडासारखे घट्ट होते : बहुधा मागच्या ड्रममधील लायनर झिजून अंतर वाढले आहे. ड्रम उघडून लायनर पाहावेत, ब्रेक आवळून घ्यावेत.

३) पेडल एकसारखे दाबून धरले असता हळूहळू खाली बसते : हे सर्वांत धोक्याचे. टाकीतील पातळी उतरत असेल तर बाहेर गळती आहे. चाकांची आतली बाजू, ड्रमची खालची कड आणि नळीचे सांधे ओले आहेत का पाहावे. कुठेही गळती नसेल तर मास्टर सिलिंडरमधील रबरी कप गेले असे समजावे. अशी गाडी दुरुस्तीवाचून रस्त्यावर आणू नये.

४) हवा काढली तरी पेडल मऊच : चाकांजवळचे रबरी होज पाईप पाहावेत. इंजिन चालू ठेवून, गिअर काढून व हँडब्रेक ओढून एकाने पेडल जोरात दाबावे, दुसऱ्याने बाहेरून पाईपावर नजर ठेवावी. जुना पाईप फुग्यासारखा फुगतो.

५) एरवी ठीक, पण घाट उतरताना मऊ आणि गाडी थंड झाल्यावर पुन्हा ठीक : ब्रेक ऑइल जुने झाले आहे. हे द्रव्य हवेतील ओलावा शोषते. ताजे डॉट ३ ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले की हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. माल भरून आंबा घाट किंवा गगनबावड्याचा घाट उतरताना ब्रेक तापतात, ऑइल उकळते, नळीत वाफ होते आणि वाफही हवेसारखीच दबते. म्हणून उतारावर खालचा गिअर टाकावा. नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवू नये.

इंजिन बंद असताना चार-पाच पंप मारले की पेडल कडक होते. त्यावर पाय ठेवून इंजिन चालू केले की पेडल किंचित खाली जाऊन थांबते. हा बिघाड नव्हे, बूस्टर नीट चालल्याची खूण आहे.

आमच्याच एका गटातील सभासदाने मऊ पेडलासाठी एका गॅरेजमध्ये मास्टर सिलिंडर बदलून घेतला. पेडल तसेच. शेवटी मागच्या ॲक्सलवरचा फुगलेला होज पाईप सापडला. मोठा खर्च आधी झाला आणि छोटे कारण नंतर कळले.

हवा काढताना

दोन माणसे लागतात. चाकाच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील ब्रेक ऑइलमध्ये बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल अर्धा फेरा सैल करावा. बुडबुडे बाहेर पडले की निपल बंद करावा आणि मगच पेडल सोडावे. क्रम चुकला तर हवा परत आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत असे करावे आणि टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. सर्वसाधारणपणे मास्टर सिलिंडरपासून लांबचे चाक आधी घेतात. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तोच पाळावा. जुन्या गाडीत पेडलाखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. पेडल तळापर्यंत गेले तर सिलिंडरच्या गंजलेल्या भागावर घासून रबरी कप फाटतात. एबीएस असलेली गाडी मात्र जाणकाराकडेच द्यावी.

हे कटाक्षाने टाळा

नावात ‘ऑइल’ आहे म्हणून घरात असलेले इंजिन ऑइल किंवा ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑइल टाकीत ओतू नका. त्याने सर्व रबरी कप फुगतात आणि ब्रेक पूर्ण निकामी होऊ शकतात. टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच डॉट ३ किंवा डॉट ४ वापरावे. कित्येक महिने उघडा राहिलेला डबा वापरू नये. पातळी उतरली की नुसती भर घालत बसू नये, पॅड झिजले की गळती आहे ते शोधावे. साधारण दोन वर्षांनी किंवा गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सर्व ऑइल बदलावे.

गळीत हंगामात रस्त्यावर बैलगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि तोडणी मजुरांची लहान मुले असतात. आपल्याला ठाऊक असलेला बिघाड त्यांना ठाऊक नसतो. तेव्हा हंगामाच्या तोंडावर एक सकाळ काढून वरील तपासणी करावी आणि पेडल मऊ लागल्यास दुरुस्ती होईपर्यंत गाडी दारात उभी ठेवावी, ही सर्व सभासदांना विनंती.