‘फलंदाज’ शब्दाचे लिंग

क्रिकेटचे नियम ठरविण्याचे काम लंडन येथील मॅरिलबोन क्रिकेट क्लब ही संस्था करते. या संस्थेने २२ सप्टेंबर २०२१ रोजी नियमावलीतील ‘बॅट्समन’ हा शब्द काढून त्या जागी ‘बॅटर’ हा शब्द योजल्याचे जाहीर केले. ‘बोलर’ व ‘फील्डर’ हे शब्द स्त्रीपुरुषांस सारखेच लागू पडत; ‘मॅन’ म्हणजे पुरुष, हा अर्थ पोटात वागविणारा ‘बॅट्समन’ तेवढा वेगळा पडत होता.

मराठीत नामापुरती ही अडचण नाही. ‘अंदाज’ या फारसी प्रत्ययाचा अर्थ फेकणारा. तीर सोडणारा तो तिरंदाज. तोफेचे गोळे डागणारा तो पूर्वीचा गोलंदाज. पुढे क्रिकेटमध्ये चेंडू टाकणाऱ्यास हेच नाव मिळाले व त्याच धर्तीवर ‘फलंदाज’ हा शब्द रूढ झाला. असे शब्द काम सांगतात, करणारा पुरुष की स्त्री हे सांगत नाहीत. म्हणून ‘तो फलंदाज’ व ‘ती फलंदाज’ हे दोन्ही प्रयोग शुद्ध होत. ‘खेळाडू’ शब्दही असाच आहे.

परंतु मराठीत क्रियापद लिंग प्रकट करते. ‘फलंदाज बाद झाला, नवा फलंदाज आला,’ असेच नित्य कानी पडले, तर खेळ आपला नव्हे, असा समज मुलींच्या मनात न कळत रुजतो. वस्तुस्थिती निराळी आहे. महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा १९७३ साली, म्हणजे पुरुषांच्या स्पर्धेपूर्वी दोन वर्षे झाली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबई येथे भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना त्या संघाच्या उपकर्णधार होत्या.

शिक्षक बंधुभगिनींनी पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात :

(१) व्याकरणाच्या तासास ‘फलंदाज बाद झाला’ व ‘फलंदाज बाद झाली’ ही वाक्ये फळ्यावर शेजारी लिहून लिंग कोठे दिसते, ते मुलांकडूनच काढून घ्यावे.

(२) गणितात ‘दोन फलंदाजांनी ४५ धावा काढल्या’ अशी रचना करावी. येथे क्रियापद धावांप्रमाणे चालते, म्हणून वाक्य सर्वांस लागू पडते.

(३) ‘पुरुष फलंदाज’ असे आपण सहसा म्हणत नाही; मग गरज नसता ‘महिला फलंदाज’ असेही म्हणू नये.

शब्द सर्वांचा आहेच. मैदानावरील पाळीही सर्वांस मिळावी, हे पाहणे शिक्षकाच्या हाती आहे.