सडपातळ कॅबिनेट घेताना

जव्हार-मोखाड्यात पावसाळाभर भिंतींना ओल असते. म्हणून घरच्या छोट्या कॉम्प्युटरला बारीक कॅबिनेट निवडताना हवा कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते, हे रंगरूपाआधी पाहा.

छोट्या बांधणीत बहुधा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड वापरतात. तो १७ सेंटिमीटर चौरस असतो. व्हिया कंपनीने ही मापं २००१ मध्ये आणली. पण बोर्ड बसला म्हणजे सगळं बसलं असं नाही. गाडं अडतं ते कूलरच्या उंचीवर. एएमडीचा रेथ स्टेल्थ ५४ मिलिमीटर उंच आहे; कॅबिनेटची मर्यादा ४५ असेल तर झाकणच लागणार नाही. ग्राफिक्स कार्ड हवं असेल तर तेही कमी उंचीचं घ्यावं लागतं.

पॉवर सप्लायचा विचार नीट करा. नेहमीचा एटीएक्स यात मावत नाही. त्याऐवजी लागणारा छोटा एसएफएक्स किंवा टीएफएक्स सप्लाय जळाला, तर तालुक्याच्या दुकानात लगेच मिळेलच असं नाही, नाशिकची वारी घडू शकते. साध्या घरकामाला, ग्राफिक्स कार्ड नसेल तर, लॅपटॉपसारख्या बाहेरच्या अडॅप्टरवर चालणारी बांधणी मला जास्त पटते. आत उष्णता कमी होते आणि बिघडला तर फक्त अडॅप्टर बदलायचा.

हवेच्या वाटेवरची जाळी काढून धुता येईल अशीच घ्या. भोकं बारीक हवीत, नाहीतर मुंग्या आणि पालीची पिल्लं आत घर करतात. कॅबिनेट ओल्या भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, आणि पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवा.